हयात किती?

आमच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलं, की सामान लिफ्टपर्यंत पोचायच्या आत शिरसाठ मॅडम पोचतात. दूधवाला, पेपरवाला, केबलवाला हे सगळे नंतर.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा माझ्या डोक्यावर गादी होती. खरंच सांगते, डोक्यावर. हमालानं ऐनवेळी टांग दिली होती. गादीखालून मला फक्त दोन पाय दिसले. पायांत पुरुषी सँडल, वर खादीच्या साडीचा काठ, आणि त्याच्याही वरून कुठूनतरी आवाज आला, "माहेर कुठलं?"

"सिन्नर," मी गादीखालून म्हणाले.

"लग्न कितव्या वर्षी झालं?"

"एकविसाव्या."

"मुलं किती? झालेली किती, हयात किती?"

आता मला सांगा, घराचा उंबरा ओलांडायच्या आधी कुणी असं विचारतं का? मी म्हटलं, "अहो बाई, गादी तरी टेकवू द्या!"

"टेकव की. मी थांबते," त्या म्हणाल्या. आणि खरोखर थांबल्या. तेवढ्यात आमचे हे मागून पंखा घेऊन आले आणि फार सभ्यपणानं म्हणाले, "दोन मुलं आहेत आम्हाला." मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी यांना विचारलं," म्हणाल्या. आमचे हे त्या दिवसापासून लिफ्टऐवजी जिन्यानं जातात. व्यायाम म्हणून, असं ते सांगतात.

डॉ. इंदुमती शिरसाठ. समाजशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. लग्न केलं नाही, घरी एकट्या. उंची बेताची, केस पांढरे आणि कानाच्या वर कापलेले, खांद्याला कायम एक शबनम पिशवी. जन्म गेला बायकांना प्रश्न विचारण्यात. लग्न कधी झालं, पोरं किती झाली, किती जगली, शाळा कुणी सोडवली, डोक्यावरून पाणी किती लांबून आणता, दवाखान्यात न्यायचं कोण ठरवतं. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात, दिंडोरीच्या द्राक्षबागांत, गावठाणातल्या मोमीन आळीत, जिथे जिथे बाई तिथे तिथे मॅडम. निवृत्त झाल्या आणि गावं सुटली. पण सवय थोडीच सुटते? मग आम्ही सापडलो. इमारतीतली टवाळ पोरं त्यांना 'जनगणना' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. "जनगणना दहा वर्षांनी होते. माझं काम रोजचं आहे," असं त्या पोरांना ऐकवतात.

त्यांचं एक जाडजूड पुस्तक आहे. मी ते मोठ्या भक्तिभावानं वाचायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर मला अशी गाढ झोप लागली की कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत. खोटं कशाला बोलू? मी तसं त्यांना सांगितलंही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पुस्तकात एकच गोष्ट आहे सुनंदा. बाईला किती पोरं होतात आणि किती जगतात, हे तिच्या पोटावर ठरत नाही. तिच्या घरात कुणी तिला विचारतं का, यावर ठरतं."

"मग एवढं जाड कशाला केलं?"

"तेवढ्यावर कुणी डॉक्टरेट देत नाही."

त्यांच्याशी बोलणं म्हणजे नाकाबंदीतून गाडी काढण्यासारखं आहे. आपण सहज म्हणावं, "हल्ली बायका फार खर्चिक झाल्यात." लगेच, "हे मत झालं. उत्तर सांग. कोण बाई, काय घेतलं?" आपण म्हणावं, "घरचे नको म्हणतात." लगेच, "घरचे म्हणजे कोण? नाव सांग." हा प्रश्न फार वाईट. आपण 'घरचे, घरचे' म्हणत असतो आणि नाव सांगायची वेळ आली की कळतं, एकच माणूस नको म्हणतोय, बाकीचे गप्प आहेत. आणि आपल्या तोंडून खरं काही बाहेर पडलंच, तर मान हलवून म्हणणार, "नोंद घेतली." कुठे घेतली देव जाणे. हातात पेन असलंच तर त्यानं कान खाजवत असतात.

वय काढण्यात तर हातखंडा. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना जन्मसाल ठाऊक नसतं, तेव्हा दुष्काळ, पूर, लग्नसराई असल्या खुणांवरून वय काढायची त्यांना सवय. नाशकात सगळ्यांत सोपी खूण म्हणजे सिंहस्थ. दर बारा वर्षांनी येतो, कुणी विसरत नाही. एकदा भिशीला सगळ्या जमलो होतो. मी तोवर माझं वय चाळिशीच्या आतबाहेर ठेवून होते. मॅडमनी चहाचा घोट घेत विचारलं, "सुनंदा, लहानपणी सिंहस्थाला आली होतीस का गं सिन्नरहून?"

"आले होते ना!" मी मूर्खासारखी खुलले. "रामकुंडावर हरवलेच होते मी! आई रडतेय इकडे, आणि मी एका साधूजवळ बसून पेरू खातेय."

"म्हणजे चालत होतीस. पेरू चावत होतीस, म्हणजे दात होते. त्यानंतरचा सिंहस्थ?"

"तेव्हा कॉलेजात होते," म्हटलं, आणि जीभ चावली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. समोरच्या शेखभाभींनी बोटांवर हिशेब करून माझं खरं वय भर भिशीत जाहीर केलं. "नोंद घेतली," मॅडम म्हणाल्या आणि चिवड्याची बशी पुढे ओढली.

आता माझा धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते, फक्त बायकांसाठी. नाशकातल्या अर्ध्या बायकांनी माझ्या गाडीचा क्लच जाळलाय. मॅडमनाही हुक्की आली, म्हातारपणी गाडी शिकायची. शिकवायला घेतल्या आणि मला माझे गुरू आठवले. गाडी चांगली चालवायच्या हो, पण रस्त्यात बाई दिसली की थांबायच्या. भर चौकात, सिग्नल हिरवा, मागे रिक्षावाले शिव्या घालताहेत, आणि या काच खाली करून मेथीवालीला विचारताहेत, "मळा स्वतःचा की वाट्यानं? सातबाऱ्यावर नाव कुणाचं?" माझ्या बाजूच्या जादा ब्रेकला मला कधी पाय लावावाच लागला नाही. लायसन्सच्या परीक्षेत साहेबांनी विचारलं, समोरून ॲम्ब्युलन्स आली तर काय कराल? मॅडम म्हणाल्या, "आत बाळंतीण आहे का बघेन." नापास झाल्या. पुढे त्यांनी गाडीचा नाद सोडला आणि मला धरलं. "मला चालवायला येत नाही असं नाही, पण तू आहेस ना," असं म्हणत हक्कानं पुढच्या सीटवर बसू लागल्या.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. ही बाई सगळ्या नाशिक जिल्ह्याला माहेर विचारत फिरली, पण तिचं माहेर कुठलं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. विचारायला सवडच मिळायची नाही. आपण तोंड उघडायच्या आत त्यांचा पुढचा प्रश्न तयार.

आणि मग दुसऱ्या मजल्यावर वैशाली आली.

वैशाली म्हणजे संदीपची बायको. संदीप दिंडोरीकडे एका वाइनरीत सुपरवायझर. गुणी जोडपं, पण लग्न दोघांनी आपापलं केलेलं, जात वेगळी. संदीपची आई सोबत राहते, तिनं कुरकुरत का होईना सून घरात घेतली. वैशालीच्या माहेरी मात्र दार बंद. माहेर सटाण्याजवळचं एक खेडं, वडिलांची कांद्याची शेती. त्यांनी निरोप धाडला होता, आमच्यासाठी ती मेली. आईचा फोन नाही, भावांचा नाही. पोरीनं दोन-तीनदा फोन केला, तर नंबरच लागेना.

वैशालीला दिवस गेले. पहिले काही महिने आनंदात गेले आणि मग सासूबाईंनी सूर लावला. तशी बाई दुष्ट नाही हो. गुडघे गेलेत, लिफ्ट बंद असली की जिना चढताना प्रत्येक पायरीला वेगळ्या देवाचं नाव घेते. ती म्हणायची, "पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. माझ्या गुडघ्यांचं नसतं." संदीपचा तर द्राक्षांचा हंगाम तोंडावर. हंगामात त्या लोकांना घर दिसत नाही. बाळंतीण बघायची कुणी, बाळाला न्हाऊ घालायचं कुणी?

एका दुपारी आम्ही तिघी मॅडमच्या घरी चहा पीत होतो. मॅडमच्या स्वयंपाकघरात चहा आणि मुरमुरे सोडून काही मिळत नाही. सातव्या महिन्यातल्या पोरीपुढे त्यांनी मुरमुऱ्यांचा डोंगर केला होता. वैशाली मुरमुरे निवडत म्हणाली, "मॅडम, दवाखाना आहे, संदीप आहे, सगळं होईल. बाई लावू एखादी. मला त्याची काळजी नाही." मग म्हणाली, "फक्त आईनं एकदा पोटावरून हात फिरवायला हवा होता." आणि डोळे पुसून पुन्हा मुरमुरे खाऊ लागली.

मी मॅडमकडे पाहिलं तर त्या पेनानं कान खाजवत होत्या.

"तुझी आई काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"घरचे सगळे नको म्हणतात."

"घरचे म्हणजे कोण? नाव सांग."

"आप्पा," वैशाली म्हणाली.

"आप्पांचं कळलं. मी आईचं विचारलं."

वैशालीला ते माहीतच नव्हतं. आईला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम शबनम अडकवून माझ्या दारात उभ्या. "गाडी काढ. सटाण्याला सर्व्हे आहे."

"मॅडम, रिटायर होऊन जमाना झाला. कसला सर्व्हे?"

"आयुष्यभर मी हा प्रश्न विचारला तो फक्त पुढच्या प्रश्नाकडे जायला," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा मला उत्तर हवंय. आणि वैशालीला सांगू नकोस. आस लावून ठेवायची नाही."

वाटेत त्यांनी मला काम समजावून दिलं. त्यांच्या धंद्यातली एक युक्ती आहे. घरातला पुरुष समोर बसला असेल तर बाई उत्तर देत नाही. दिलंच तर त्याच्या तोंडाकडे बघून देते. म्हणून सोबत एक माणूस न्यायचं, आणि त्या माणसानं पुरुष हलवायचा. विहीर दाखवा, बैल दाखवा, काहीही सांगून बाहेर काढायचा. "तू गाडीचं काहीतरी काढ," म्हणाल्या. "पुरुषाला गाडीचं विचारलं की तो उठतोच."

पिंपळगाव गेलं, चांदवडचा घाट गेला. देवळा आलं तशी मी म्हटलं, "चहा घेऊ या का इथे?" मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. "नको. पुढे घे," एवढंच म्हणाल्या आणि बराच वेळ त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, गाडी लागली असेल.

सटाण्याच्या पुढे विचारत विचारत घर सापडलं. शेतातच घर, पुढे ओटा, बाजूला कांद्याची चाळ, आणि पलीकडे लावणीची गडबड. ओट्यावर बाजेवर आप्पा बसलेले. पिळदार माणूस, मिशा पांढऱ्या. जोत्याशी वैशालीची आई, हिराबाई, सुपात बाजरी पाखडत होती. वैशालीचं नाक तिच्यावरूनच उचललेलं.

मॅडम खोटं काही बोलल्या नाहीत. "नाशिकहून आले. बायकांच्या बाळंतपणांचा अभ्यास करते. ताईंना चार प्रश्न विचारायचेत." आप्पांनी आम्हाला बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, "आप्पा, आमची गाडी गरम होतेय हो. जरा बघता का?"

"रेडिएटरमधी पाणी टाका," आप्पा बाजेवरूनच म्हणाले. हलले नाहीत. मी मॅडमकडे पाहिलं. झाला आमचा पोपट.

मॅडमनी सुरुवात केली. माहेर कुठलं? "मालेगावकडचं," आप्पा म्हणाले. लग्न कितव्या वर्षी? "सोळाव्या," आप्पाच म्हणाले. मॅडम दर वेळी "मी ताईंना विचारलं" म्हणत होत्या आणि हिराबाई दर वेळी सुपात बघत होती. बाजरी वर उडायची, सुपात पडायची.

"मुलं किती झाली?"

"तीन," आप्पा.

"हयात किती?"

"दोन." त्यात जराही अडखळले नाहीत. "दोन्ही मुलं. शेती करतेत."

सुपाचा आवाज थांबला. मला वाटलं, संपलं. आता उठायचं, नमस्कार करायचा आणि नाशिकचा रस्ता धरायचा. पण मॅडम कसल्या उठताहेत? त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. आवाज तोच, रेशन दुकानात साखर विचारावी तसा.

"झालेली तीन, हयात दोन. म्हणजे एक गेलं. मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"कितव्या वर्षी गेली?"

आप्पा चाळीकडे बघू लागले.

"आजार काय होता?"

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

"दवाखान्यात नेलं होतं का? जाताना जवळ कोण होतं?"

वाटलं, हा माणूस आता आम्हाला विळा घेऊन हाकलतो. पण आप्पांना उत्तर सुचेना. 'मेली' म्हणणं सोपं असतं हो. कशानं मेली, हे कुणी विचारलं नव्हतं त्यांना.

"ताई," मॅडम हिराबाईकडे वळल्या, आणि आवाज एकदम मऊ झाला, "काय झालं होतं तिला?"

सूप हातातून पडलं. सगळी बाजरी ओट्यावर सांडली. "काय बी व्हयेल नै तिले!" हिराबाई ओरडली. "जित्ती शे मनी पोर! मना तिन्ही पोरे जित्ता शेतस! लिखा तुम्ही, तीन लिखा!" आणि पदर तोंडाला लावून अशी रडली, की चाळीतल्या मजूर बायका काम टाकून धावत आल्या.

"नोंद घेतली," मॅडम म्हणाल्या. त्यांचाही आवाज चिरकला होता. मी तो तसा कधी ऐकला नव्हता. मग त्या सतरंजीवरून उठल्या आणि हिराबाईजवळ जाऊन खाली बसून बाजरी गोळा करू लागल्या.

आप्पा उठून बाहेर गेले. मी घाबरतच मागे गेले, कारण गाडी माझी होती. त्यांनी बॉनेट उघडलं, आत हात घातला.

"थंडगार हे तुमची गाडी," म्हणाले.

मी जमिनीकडे बघत उभी राहिले. ते तसेच इंजिनात डोकं घालून राहिले आणि आतूनच म्हणाले, "कुठं भेटली तुम्हाला?"

"आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. बरी आहे. सातवा लागलाय तिला."

बॉनेट खाली आलं. आप्पा चाळीकडे गेले आणि पाठीवर कांद्याची गोणी घेऊन आले, डिकीत टाकली. कुणासाठी, ते बोलले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा मात्र माझ्या खिडकीशी वाकून म्हणाले, "चिंच-कैरी जास्त देऊ नका तिला. लहानपणापासून पित्त हे."

परतीच्या वाटेवर मी एका हातानं डोळे पुसत गाडी चालवली, जे मी माझ्या विद्यार्थिनींना कधी करू देत नाही. कांदे वैशालीच्या दारात ठेवले आणि आप्पांचा पित्ताचा निरोप सांगितला. पोरगी तिथेच दारात बसली आणि गोणीला मिठी मारून रडली. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "अगं, कांदा चिरायच्या आधीच?" आणि मग त्याही रडायला लागल्या.

आठवडाभरात जीप आली. आप्पा वर आले नाहीत. खाली बसून हॉर्न वाजवत राहिले. माणूस वाकला तरी ताठ राहायचाच, त्याला इलाज नाही. हिराबाई मात्र धापा टाकत दोन जिने चढली, लिफ्टवर तिचा भरवसा नव्हता. दारातच तिनं लेकीच्या पोटावरून हात फिरवला. आम्ही सगळ्या जिन्यात उभ्या राहून बघत होतो. शेखभाभी माझा पदर ओढून त्यानं डोळे पुसत होत्या. मॅडम मात्र दवाखाना कुठला, डॉक्टर कोण, रात्री गाडी मिळते का, असे प्रश्न संदीपला विचारून त्याला भंडावत होत्या.

सामान खाली गेलं. आणि निघता निघता हिराबाई मॅडमपुढे येऊन उभी राहिली. "बाई," म्हणाली, "तुम्ही माले इतलं इचारं. आते मी इचारस. तुमनं माहेर कोठलं?"

मॅडम म्हणाल्या, "अं?"

"माहेर. तुमनं."

मॅडमनी चष्मा काढला. साडीच्या टोकानं पुसला, परत लावला, परत काढला. एवढ्या वर्षांत मी त्यांना प्रश्नापुढे अडलेलं पाहिलं नव्हतं. "होतं," शेवटी म्हणाल्या. "देवळ्याजवळ. मी लग्न मोडून शिकायला पुण्याला गेले, तर वडिलांनी सांगितलं, परत यायचं नाही. नाही गेले." मग अगदी साधं सांगावं तसं म्हणाल्या, "आईचं काय म्हणणं होतं, ते मला कळलं नाही कधी. तिला कुणी विचारलंच नाही."

मला देवळ्याचा न घेतलेला चहा आठवला. हिराबाईनं मॅडमचा हात दोन्ही हातांत धरला. "मंग आखाजीले आमनाकडे या," ती म्हणाली. "लेक येस तशी या."

खाली हॉर्न वाजत होता.

वैशालीला मुलगी झाली. बाळबाळंतीण सुखरूप. आप्पांनी गावभर पेढे वाटले आणि प्रत्येकाला बजावून सांगितलं, की आपल्याला तीन पोरं आहेत. अक्षयतृतीया जवळ आली. तिकडे तिला आखाजी म्हणतात, आणि त्या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. सकाळी मॅडम शबनम आणि एक बॅग घेऊन माझ्या दारात. मी म्हटलं, सोडते ना सटाण्याला, तर म्हणाल्या, "माहेरी कुणी शेजारणीला घेऊन जातं का? स्टँडवर सोड."

"म्हणजे माहेरीच चाललात!"

"फील्डवर्क आहे," त्या ओशाळून म्हणाल्या. "सहभागी निरीक्षण म्हणतात याला." बॅगेतून बाळाच्या कुंचीची लाल नाडी बाहेर लोंबत होती, आणि अंगावर नवीन साडी होती. निरीक्षणाला नवीन साडी कशाला लागते, हे मी विचारलं नाही. त्यांची ही माहेरची आई, हिराबाई, त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी तरी धाकटी होती, तेही बोलले नाही. तोंडाशी आलं होतं, पण आवरलं.

दोन दिवसांत येते म्हणाल्या होत्या. सण होऊन गेला तरी पत्ता नाही. इमारत कशी सुनी सुनी झाली. चौथ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं, तर बिचाऱ्यांना माहेर विचारायला कुणी नाही. शेवटी मीच फोन लावला. पलीकडे बायकांचा गलका, झोक्याच्या दोरीची करकर, कुठेतरी बाळ रडतंय.

"मॅडम, कधी येताय? न्यायला येऊ का?"

"अगं, घरचे म्हणतात अजून चार दिवस राहा."

मी किती वर्षं या संधीची वाट बघत होते! "घरचे म्हणजे कोण? नाव सांगा," मी म्हटलं.

मला वाटलं, आपण चेष्टा जरा जास्तच केली. मग मॅडम सावकाश म्हणाल्या, "हिराबाई म्हणते. आप्पा म्हणतात. वैशाली म्हणते. छकुलीला अजून बोलता येत नाही, पण मी उचललं की रडायची थांबते."

"आणि तुमचं उत्तर काय?"

"माझं..." त्या म्हणाल्या, तेवढ्यात मागून हिराबाईची हाक आली, "बाई, जेवाले चाला! भाकर गार व्हयनी!"

"आले गं!" मॅडम ओरडल्या. आणि माझा प्रश्न तसाच अर्धवट टाकून जेवायला गेल्या.